नव्या जन्माची तारीख सांगता येत नाही, म्हणून तारण झालं नाही का?

बेळगावात माहेर आणि खानापूर तालुक्यात सासर असलेल्या एका बहिणीने विचारलं आहे, ते थोडक्यात असं: "माझा बाप्तिस्मा तान्हेपणी मेथडिस्ट देवळात झाला. पुढे शिकवणीला बसून मी मंडळीची सभासद झाले. लग्नानंतर आम्ही एका घरगुती प्रार्थनेला जाऊ लागलो. तिथे मला विचारलं, तुझा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला? मला सांगता आलं नाही. मग तुझं तारण झालेलं नाही, पुन्हा बाप्तिस्मा घे, असं सांगतात. गेल्या वर्षी माझी आजी वारली, तिच्याबद्दलही शंका काढतात. शेवटचा काळ आला म्हणून दीर भाताचं शेत विकून पैसे सेवेला द्यायला निघालेत आणि आमची सही मागतात. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मुलं रात्री दचकून उठतात. यात खरं काय?"

ताई, प्रश्न बरेच आहेत, पण मूळ एकच आहे. आपलं तारण आपल्या आठवणीवर आणि अनुभवावर टिकून आहे असं एकदा मनात बसलं की आजीबद्दल शंका येते, बाप्तिस्मा अपुरा वाटतो, आणि प्रभू येणार म्हटल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरते. पाळक म्हणून माझं आयुष्य बेळगाव, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात गेलं. सकाळी मराठी उपासना, मग कानडी उपासना, दुपारी घरोघरी भेटी. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा आणि घटप्रभेला पूर आला तेव्हा आणि त्यानंतरच्या कोरोनाच्या वर्षांत हेच प्रश्न मला अनेकांनी रडत विचारले आहेत. म्हणून आधी तारणाबद्दल सांगतो. शेवटच्या काळाचं त्यानंतर नीट उलगडेल.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी आहे. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं समजून त्याने जीव द्यायला तलवार उपसली. तिथेच कैदेत असलेल्या प्रेषित पौलाने ओरडून त्याला थांबवलं. थरथरत त्याने विचारलं, माझं तारण व्हावं म्हणून मला काय केलं पाहिजे? उत्तर मिळालं, प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझं व तुझ्या घराण्याचं तारण होईल. त्या माणसाकडे सांगण्यासारखी तारीख नक्की होती. पण पौलाने त्याला त्या रात्रीवर भरवसा ठेवायला सांगितलं नाही, येशूवर ठेवायला सांगितलं.

ख्रिस्ती शिकवणीचा गाभा इथेच आहे. माणूस पापामुळे देवापासून तुटलेला आहे आणि ही तूट तो स्वतः भरून काढू शकत नाही. देवाने आपला पुत्र दिला, तो आपल्यासाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला पापांची क्षमा आणि सार्वकालिक जीवन मिळतं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे, ते देवाचं दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेलं नाही. पुढच्याच वचनात तो सत्कर्मांचं नाव घेतो: आपण ती करण्यासाठी ख्रिस्तात निर्माण झालो आहोत. कर्मं आधी करून तारण कमवायचं नाही, तारण मिळाल्यावर ती केल्यावाचून राहायचंही नाही. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाने त्याचसाठी बजावलं.

आपल्या भागात एका गल्लीत कॅथलिक घर असतं, शेजारी मेथडिस्ट, पलीकडे पेंटेकॉस्टल. तारणाच्या प्रश्नावर आपलं एकमेकांशी काहीच जुळत नाही असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. नीतिमान ठरवलं जाणं ही केवळ कृपा आहे, आपल्या लायकीची कमाई नाही, हे ल्यूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये सह्या करून मान्य केलं, आणि २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. साक्रामेंतांविषयी, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा पवित्र विधींविषयी, आणि मरणानंतर आत्मा शुद्ध होतो त्या शुद्धिस्थानाविषयी मतभेद आहेत आणि ते लहान नाहीत. पण कृपेच्या बाबतीत तुमच्या शेजारच्या कॅथलिक काकूंना परकं समजण्याचं कारण नाही.

आता तारीख. पवित्र शास्त्र तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतं. इफिसच्या पत्रात तारण झालेलं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आपण तारणाच्या मार्गात असलेले लोक आहोत. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आपण विश्वास ठेवला तेव्हापेक्षा आता तारण अधिक जवळ आलं आहे, म्हणजे ते अजून पुढे आहे. ज्या शिकवणीत यातला पहिला काळच उरतो, तिच्यात माणूस त्या एका क्षणालाच धरून बसतो. मग तो क्षण आठवेना की पायाखालची जमीन सरकते.

ज्या अध्यायावरून तुम्हाला तारीख विचारली जाते, तो योहानाचा तिसरा अध्याय तुम्ही स्वतः उघडून वाचा. निकदेम हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, रात्रीचा येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचं राज्य पाहता येत नाही. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाईल, असं निकदेम विचारतो. येशू म्हणतो, पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मलं पाहिजे, आणि मग वाऱ्याचा दाखला देतो: वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज तू ऐकतोस, पण तो कुठून येतो आणि कुठे जातो हे तुला कळत नाही. जो कोणी आत्म्यापासून जन्मला त्याचं असंच आहे. म्हणजे नवा जन्म ज्या ठिकाणी सर्वांत ठळकपणे शिकवला आहे, त्याच ठिकाणी प्रभू म्हणतो की तो कुठून कसा झाला हे माणसाला पुरतं सांगता येणार नाही.

निकदेमाचं पुढे काय झालं, तेही बघा. त्या रात्री त्याने विश्वासाची कबुली दिली असं योहान लिहीत नाही. संवाद चालू असतानाच तो गोष्टीतून दिसेनासा होतो. सातव्या अध्यायात तो परूश्यांच्या सभेत येशूची बाजू घेतो, तीही जपून: माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं काय? त्यावर त्याला टोमणा मिळतो. मग एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पांगलेले असताना, तो उघडपणे गंधरस व अगरू यांचं शंभर रत्तलांच्या आसपास मिश्रण घेऊन येतो आणि येशूचं शरीर कबरेत ठेवायला हातभार लावतो. आता सांगा, निकदेमाचा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला? त्या रात्री, सभेत, की कबरेपाशी? योहानाला ती तारीख सांगण्याची गरज वाटली नाही. आपल्याला दिसतं ते एवढंच की अंधारात लपून आलेला माणूस शेवटी सगळ्यांच्या देखत येशूजवळ उभा आहे.

आपल्या गावांत जुन्या माणसांच्या दाखल्यावर जन्मतारीख बघा, घरोघरी १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहून टाकली, कारण आईला आठवायचं ते एवढंच की तो भात कापणीच्या वेळी झाला. त्यांचा जन्मच झाला नाही असं कोणी म्हणत नाही. ती माणसं समोर चालताबोलताना दिसतात.

काहींना मात्र तारीख असते आणि ती खरी असते. तुमच्या मेथडिस्ट मंडळीचा आरंभ ज्यांच्यापासून झाला ते जॉन वेस्ली धर्मगुरू होऊन दहा वर्षं झाली होती. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, रोमकरांस पत्राची ल्यूथरची प्रस्तावना ऐकताना त्यांचं अंतःकरण ऊबदार झालं, आणि ख्रिस्ताने माझीच पापं काढून घेतली अशी खात्री त्यांना मिळाली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःला पूर्णपणे त्याच्या हाती दिलं. मराठी लेखक बाबा पदमनजी तर आपल्या बेळगावचे. १८३१ चा त्यांचा जन्म, इथल्या मिशनच्या शाळेत शिक्षण, आणि वाचन, वाद, शंका यांतून वर्षानुवर्षं वाट काढत १८५४ मध्ये इथेच बाप्तिस्मा. याउलट तीमथ्य बघा. त्याच्याविषयी पौल लिहितो तेव्हा कुठल्या एका दिवसाची आठवण काढत नाही. तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात, असं म्हणतो, आणि बालपणापासून तुला पवित्र शास्त्राची माहिती आहे असंही सांगतो. तीमथ्याला तारीख विचारली असती तर त्याने आजीचं नाव सांगितलं असतं.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर माझं उत्तर फक्त तुमच्या समाधानासाठी दिल्यासारखं होईल. तुमच्या प्रार्थनेतले लोक प्रश्न चुकीच्या तऱ्हेने विचारतात, पण त्यामागचं दुखणं खरं आहे. आमच्या जुन्या मंडळ्यांत पुष्कळ घरं अशी आहेत की देवळाच्या रजिस्टरात नाव आहे, नाताळाला नवे कपडे आहेत, स्मशानभूमीत जागा आहे, आणि तारणाऱ्याशी बोलणं कधी झालेलंच नाही. आजोबा ख्रिस्ती झाले म्हणून नातू ख्रिस्ती. रजिस्टरातलं नाव कोणाला तारत नाही. 'मला प्रभुजी, प्रभुजी म्हणणाऱ्या प्रत्येकाचा स्वर्गाच्या राज्यात प्रवेश होईल असे नाही,' हे येशूने त्याला प्रभू म्हणणाऱ्यांनाच सांगितलं. म्हणून 'केव्हा' हा प्रश्न बाजूला ठेवा, पण 'आज' हा प्रश्न टाळू नका. आज तुमचा भरवसा त्याच्यावर आहे का? पाप केल्यावर तुम्ही त्याच्यापासून पळता की त्याच्याकडे जाता? योहान आपल्या पहिल्या पत्रात खूण देतो: आपण बंधुजनांवर प्रीती करतो यावरून आपल्याला कळतं की आपण मरणातून निघून जीवनात आलो आहोत. गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळांची यादी वाचा आणि तुमच्या सासूबाईंना, मुलांना विचारा, त्यातलं काही त्यांना घरात दिसतं का. घरातल्या माणसांची साक्ष प्रार्थनेत उभं राहून दिलेल्या साक्षीपेक्षा खरी निघते, असं मी पाहत आलो आहे.

बाप्तिस्म्याचं लवकर सांगतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन, मेथडिस्ट, उत्तर व दक्षिण भारतातल्या संयुक्त मंडळ्या, या सगळ्या बाप्तिस्मा एकदाच मानतात. बाळाला दिलेला असला तरी तो खरा, कारण तिथे आधी देव वचन देतो आणि मूल मोठं होऊन त्या वचनाला होकार देतं. तुम्ही सभासद झालात तो दिवस त्या होकाराचा. बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकॉस्टल मंडळ्या मानतात की विश्वासाची कबुली आधी, आणि मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. म्हणून ते तुमचा पहिला बाप्तिस्मा धरतच नाहीत, त्यांच्या लेखी दुसरा हाच पहिला. दोन्ही बाजूंना देवभीरू, शास्त्र जाणणारी माणसं आहेत. माझं मत विचाराल तर तो पुन्हा घेऊ नका, आणि माणसांच्या दबावाखाली तर मुळीच नको. मनापासून नव्याने समर्पण करावंसं वाटत असेल तर मेथडिस्टांकडे त्यासाठी देवाशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणाची उपासना आहे, वेस्लींच्या काळापासून चालत आलेली. वर्षाच्या आरंभी ती होते. पुढच्या वेळी माहेरच्या देवळात जाऊन पुढच्या बाकावर बसा आणि त्यातली वाक्यं स्वतःची म्हणून मोठ्याने म्हणा.

आजीबद्दल. कोणाचं तारण झालं आणि कोणाचं नाही याचा निकाल द्यायचा अधिकार मला नाही, त्या प्रार्थनेच्या पुढाऱ्यांनाही नाही. न्यायासन ख्रिस्ताचं आहे. पण आशा ठेवायला भक्कम आधार आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे बाप्तिस्मा नव्हता, सभासदत्व नव्हतं, एकही सत्कर्म करायला वेळ नव्हता. 'येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर,' एवढंच तो म्हणाला, आणि आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं उत्तर त्याला मिळालं. तुमची आजी दुखण्यात कोणाला हाक मारायची, ते तुम्हाला माहीत आहे. जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचं तारण होईल, हे रोमकरांस पत्रातलं वचन आजीला लागू नाही असं म्हणायला कोणाकडेही आधार नाही. तिच्यासाठी रडा, पण शंकेने रडू नका.

आता शेवटचा काळ. पहिल्या शतकापासून आजपर्यंतची सगळी मंडळी ज्यावर एक आहे ते आधी सांगतो. येशू ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, मेलेले उठवले जातील, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय होईल, आणि देव नवं आकाश व नवी पृथ्वी निर्माण करील. विश्वासांगीकारात आपण दर रविवारी हेच म्हणतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातली हजार वर्षं मोजायची की ती मंडळीच्या युगाची खूण समजायची, प्रभू त्याआधी येणार की नंतर, यावर मतं तीन-चार आहेत. पाचव्या शतकातले आचार्य ऑगस्टीन यांच्यापासून मोठी परंपरा ती खूण म्हणून वाचते. यावरून घरात भांडू नका.

व्हिडिओंत जे दाखवतात, म्हणजे विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल, मग प्रभू उघड येईल, ही मांडणी या स्वरूपात जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी ती शिकवली आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलमुळे ती जगभर पसरली. ती मानणारे प्रामाणिक विश्वासणारे आहेत, माझ्या ओळखीचेही आहेत. पण ती न मानणाऱ्याचं तारण नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याने मंडळीच्या पहिल्या अठरा शतकांना बाहेर काढलं.

त्या मांडणीचा मुख्य आधार थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आहे. तो कोणाला लिहिला? ज्यांची माणसं वारली होती आणि प्रभू येईल तेव्हा ती मागे राहतील का या चिंतेने जे खचले होते, त्यांना. पौल त्यांना सांगतो की ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ. आणि शेवटचं वाक्य: म्हणून या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. तुम्ही तर आजीच्या दुःखात आहात. हा अध्याय नेमका तुमच्यासाठी आहे, आणि त्याच अध्यायाने तुमच्या मुलांची झोप उडवली.

आमच्या रविवारच्या शाळेतला एक मुलगा एका संध्याकाळी धावत माझ्याकडे आला. पायात चप्पल नव्हती, श्वास लागलेला. शाळेतून घरी आला तर दार नुसतं लोटलेलं, गॅसवर दूध मंद आंचेवर, आईच्या चपला उंबऱ्याशी, आणि आई नाही, धाकटी बहीण नाही. हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. चपला इथेच आहेत म्हणजे त्यांना वर नेलं आणि मी राहिलो, असं त्याच्या मनाने घेतलं. आई शेजारच्या गच्चीवर पापड काढायला अनवाणी गेली होती. आम्ही घरी पोचलो तेव्हा ती दूध उतू गेलेलं पुसत होती. मुलगा तिला सोडायला तयार नव्हता. त्या रात्री आम्ही त्याच्यासोबत योहानाचा दहावा अध्याय वाचला: मी त्यांना सार्वकालिक जीवन देतो, त्यांचा कधीही नाश होणार नाही, त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. त्याने विचारलं, झोपेत असलो तरी? मी म्हटलं, झोपेत असलास तरी. मेंढरं मोजायचं काम मेंढपाळाचं आहे, मेंढराचं नाही. तुमच्या मुलांनाही आज रात्री तेवढाच अध्याय वाचून दाखवा आणि व्हिडिओ बंद करा. मुलांच्या मनात येशूची पहिली ओळख भीतीची व्हायला नको.

तारखा ठरवणाऱ्यांचं काय झालं ते इतिहासात आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. कित्येकांनी शेतातली पिकं उभीच सोडली. दिवस उजाडला, मावळला. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ सांगितलं, मग त्याच वर्षीचा ऑक्टोबर. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू स्पष्ट म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, दिव्यदूतांना नाही, पुत्रालाही नाही. त्याच अध्यायात लढाया, दुष्काळ, भूकंप यांचा उल्लेख आहे, आणि त्याच्या मधोमध आज्ञा आहे: घाबरू नका, शेवट एवढ्यात नाही, हा वेदनांचा प्रारंभ आहे. या बाळंतपणाच्या वेदना आहेत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलही सांगतो की सारी सृष्टी कण्हत आहे, प्रसववेदना भोगत आहे. येशूने निकदेमाला सांगितलेला जो जन्म तुमच्या अंतःकरणात होतो, तसाच नवा जन्म देव एक दिवस साऱ्या सृष्टीला देणार आहे. त्यामुळे तारणाचा निरोप आणि शेवटच्या काळाचा निरोप वेगळे नाहीत. आपल्याला वाचवण्यासाठी जो मेला, तोच न्यायाला बसणार आहे. न्यायाधीशाच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत हे ज्याला ठाऊक आहे तो त्याच्या येण्याला भिऊन झोप घालवत नाही.

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात देवाच्या विरुद्ध उठणारं एक श्वापद आहे, त्याच्या ६६६ या आकड्याबद्दल एवढंच. पूर्वी बारकोडवर संशय घेतला, मग आधारवर, रेशन दुकानात अंगठा लावण्यावर, मग लसीवर. प्रकटीकरणाचं पुस्तक इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं आहे, आणि त्या मंडळ्यांना रोमी सम्राटाची पूजा करा, नाहीतर बाजारातून बाहेर पडा, असा दबाव सोसावा लागत होता. पुष्कळ अभ्यासकांच्या मते आकडा नीरो सम्राटाच्या नावाकडे बोट दाखवतो. काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ आहे. खूण कसली, तर तुम्ही कोणाची आराधना करता त्याची. ती नकळत, सुईतून किंवा यंत्रावर अंगठा ठेवून लागत नाही. लगेच पुढच्या अध्यायात कोकऱ्यामागे चालणाऱ्यांच्या कपाळावरही नाव आहे, त्याचं आणि त्याच्या पित्याचं. या नावाबद्दल व्हिडिओ कोणी काढत नाही, आणि मला वाटतं मुलांना शिकवायचं ते हेच नाव.

आता शेत. थेस्सलनीकातही काही जणांनी प्रभू येणार म्हणून काम सोडलं होतं. पौलाने दुसऱ्या पत्रात त्यांना सुनावलं की कोणाला काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये. तुमच्या खानापूरकडेच मी एक घर पाहिलं आहे, जिथे पावसाळ्यात रोप लावण केली नाही, कारण कापणीपर्यंत जग राहणार नाही असं कोणी सांगितलं होतं. रोपं वाफ्यातच पिवळी पडली. दिवाळीच्या सुमारास त्या घरच्या बाईने भावाकडून तांदूळ उसना आणला. ज्याने सांगितलं तो तांदूळ घेऊन आला नाही.

पहिल्या मंडळीत बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांपाशी आणून ठेवले हे दीर तुम्हाला दाखवतील. ते खरं आहे. पण ते गरजवंतांसाठी होतं, आणि पुढच्याच अध्यायात पेत्र हनन्याला म्हणतो की ते शेत तुझंच होतं, विकल्यावरही पैसे तुझ्या स्वाधीन होते. जबरदस्ती कोणावर नव्हती. त्यांच्यासोबत यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, नगर पडणार हे यिर्मयानेच सांगितलेलं, आणि तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी देव त्याला शेत विकत घ्यायला सांगतो. तो अनाथोथातलं चुलतभावाचं शेत सतरा शेकेल रुपं तोलून विकत घेतो, साक्षीदारांपुढे खरेदीखतावर सही करतो, मोहर लावतो, आणि कागद पुष्कळ दिवस टिकावा म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. देव म्हणतो, या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

म्हणून ताई, संमतीपत्रावर सही करू नका. उतारा सामाईक असेल तर तुमच्या यजमानांनीही करू नये, आणि ते भांडून नाही, दीरांसोबत बसून, यिर्मया उघडून सांगावं. त्यांचा उत्साह खोटा नाही, त्याला वाट चुकीची मिळाली आहे. त्यांना देवाच्या कामाला द्यायचंच असेल तर या सुगीच्या भातातला वाटा द्यावा, तोही आधी गावातल्या एखाद्या विधवेच्या घरी पोचवावा. आणि तुमच्या प्रार्थनेचे पुढारी बोलायला तयार असतील तर त्यांना घेऊन या, आपण योहानाचा तिसरा अध्याय एकत्र वाचू.